‘सर्वानुमते मंजूर’ : पण आपल्याला विचारले कुणी?



नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेला तुमच्यापैकी किती जण कधी जाऊन बसले आहेत? दाखल्यासाठी, शहरात शिकणाऱ्या पोराच्या खोलीच्या घरपट्टीसाठी पालिकेचा जिना चढलेले पुष्कळ निघतील. सभेला गेलेला मात्र शंभरात एकही निघणार नाही. आपण खेड्यातले, आपली ग्रामपंचायत वेगळी, तिथे आपले काय काम, असे आपण धरून चाललो आहोत.

मी जमेल तिथे मागच्या खुर्चीवर जाऊन बसतो. तिथले काम फार झटपट उरकते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, मग विषय क्रमांक एक, दोन, तीन. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. गटारीवरच्या ढाप्यासाठी अर्धा तास भांडण होते आणि धरणातून किती पाणी मागायचे हा विषय चहा येण्याआधीच संपलेला असतो. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ‘ऐनवेळचे विषय’ येतात. बहुतेक वेळा खरा माल त्याच पोतडीत असतो, कारण ते विषयपत्रिकेवर छापलेले नसतात आणि कुणी वाचून आलेला नसतो.

या ठरावांतले पुष्कळ ठराव शहराच्या हद्दीवर थांबत नाहीत. ते नाल्यातून, पाइपातून, कचऱ्याच्या ट्रॅक्टरमधून आणि आठवडे बाजाराच्या पावतीतून आपल्यापर्यंत येतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. त्यात शहरांत राहणारे शंभरी सतरा. उरलेल्या त्र्याऐंशींना पालिकेच्या निवडणुकीत मत नाही. ते असावे असेही मी म्हणत नाही, शहराचे घर शहराने चालवावे. पण त्या घराच्या मोरीचे पाणी आपल्या अंगणात येत असेल तर मोरी कुठे काढायची हे ठरताना अंगणवाल्याला विचारायला नको का?

ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना जकात नाका आठवत असेल. गाडी भरून शहरात शिरायचे तर नाक्यावर थांबा. कशाला जकात माफ आणि कशाला नाही, हे कायद्याच्या तक्त्यात असेल, पण त्या वेळी ते नाकेदाराच्या तोंडात असायचे. पेंड असो, लोखंडी फाळ असो, किराणा असो, व्यापाऱ्याने भरलेली जकात फिरून आपल्याच भावात वजा व्हायची किंवा आपल्याच खरेदीत चढायची. पालिकांना हा कर सर्वांत लाडका होता आणि त्याचे कारण उघड आहे. घरपट्टी वाढवली तर मतदार रागावतो. जकात वाढवली तर भरणारा बहुधा रस्त्याने आलेला असतो आणि त्याचे मत दुसऱ्या गावात असते.

नगरपालिकांची ही जकात १९९९ साली गेली. महापालिकांची बरीच नंतर गेली. तिथे मध्ये स्थानिक संस्था कराचा खेळ झाला आणि मुंबईचे नाके जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद झाले. जकात गेल्यावर पालिकांना तिच्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान मिळू लागले. म्हणजे पालिकेच्या तिजोरीत आज जे पडते त्यातला मोठा हिस्सा शहराच्या घरपट्टीचा नाही. तो राज्याचा पैसा आहे, त्यात आपण खताच्या गोणीवर आणि डिझेलवर भरलेला करही आहे. पाणी योजनांचेही तेच. २००५ पासून लहान शहरांसाठी केंद्राची योजना होती, २०२१ पासून ‘अमृत’चा दुसरा टप्पा आहे, राज्याचे ‘नगरोत्थान’ आहे. शहराने स्वतःच्या पैशाने स्वतःचे केले, खेड्याने त्यात बोलू नये, हा युक्तिवाद कुणी केलाच तर त्याला हा हिशेब दाखवावा.

आता पाण्याकडे येतो. शिवण नदीवरच्या विरचक प्रकल्पातून नंदुरबार शहर पाणी पिते. पिण्याचे पाणी पहिले, याबद्दल आपली तक्रार नाही आणि कधी नसावी. शहरात हंडा घेऊन रांगेत उभी असते ती कोण? बहुतेक वेळा शेती सुटली म्हणून जिनिंगवर किंवा मिरचीच्या पथारीवर कामाला गेलेली आपलीच भावजय. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याचे पाणी पहिले, उद्योग दुसरा आणि शेती तिसरी होती. २०११ मध्ये सरकारने शेतीला दुसऱ्या क्रमांकावर आणले. तेव्हा भांडण क्रमाचे नाही, आकड्याचे आहे.

हा आकडा ठरतो कसा? पावसाळा सरला की १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते पाहतात. त्यातून पिण्यासाठी किती राखून ठेवायचे ते ठरते आणि उरलेल्याचा विचार शेतीसाठी कालवा सल्लागार समितीपुढे येतो. राखीव पाण्याची मागणी पालिकेकडून जाते. शंभर लिटर उचलले तर त्यातले किती नळाच्या तोटीपर्यंत पोचते, किती फुटलेल्या पाइपातून मुरते, किती बांधकामाला आणि गाड्या धुवायला जाते, हा हिशेब मागणीच्या कागदासोबत जोडलेला असतो का? मी पाहिलेल्या कागदांना तो नव्हता. लोकसंख्या गुणिले माणशी लिटर, आणि वर थोडे जास्तीचे, की झाला आकडा. त्या ‘थोड्या जास्ती’त किती एकर हरभरा आणि दादर गेली, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी शासनाने राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात नंदुरबार तालुका होता. अशा वर्षी ‘थोडे जास्ती’ हा शब्द फार महाग पडतो.

सिंचनाच्या प्रकल्पातले पाणी शहराकडे किंवा कारखान्याकडे वळवले तर जेवढे क्षेत्र त्यामुळे कोरडे पडते, त्याच्या पुनर्स्थापनेचा खर्च पाणी घेणाऱ्याने द्यायचा, असे राज्याचे धोरण आहे. हा खर्च द्यायचा की नाही आणि किती, यावरून नाशिक महापालिका आणि जलसंपदा खाते यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. दोन्ही बाजूंनी पत्रांचे ढीग झाले. ज्याचे शेत कोरडे पडायचे तो शेतकरी मात्र त्या वादात पक्षकारसुद्धा नव्हता.

मी शेतकीचा पदवीधर, म्हणून एक हिशेब मांडतो, प्रत्येकाने तो घरी करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहराची लोकसंख्या १,११,०३७ होती, आज ती जास्तच असणार. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर असा शासकीय मापदंड आहे. गुणाकार केला तर रोज सुमारे दीड कोटी लिटर होतात. यातले ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. म्हणजे रोज १ कोटी २० लाख लिटर, घनमीटरात १२,००० झाले. एका एकराला दोन इंचाची पाळी द्यायला साधारण २०० घनमीटर लागतात. म्हणजे हे पाणी रोज साठ एकरांना एक पाळी देऊ शकते. भुयारी गटार नसलेल्या शहराचा ७० लिटरचा मापदंड धरला तरी रोज तीस एकर होतात. वाटेतली गळती आणि बाष्पीभवन यांना आणखी वजा करा. तरी जे उरते ते ओहोळात सोडून देण्याइतके थोडे नाही.

कोरडवाहू कपाशीला एका पाळीची किंमत काय असते हे तुम्हाला मी सांगायचे कारण नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस पाठ फिरवतो, झाड बोंडांनी लगडलेले असते, आणि जमिनीला भेग पडते. पात्या गळतात, वरची बोंडे बारीक राहतात, कवडी वाढते. त्या पंधरवड्यात मिळालेली एक पाळी नंतरच्या चार पाळ्यांना भारी. दादरीचेही तसेच, पोटरीत असताना ओल मिळाली तर कणीस भरते आणि कडबाही उंच येतो.

सांडपाणी शेतात म्हटले की नाके मुरडली जातात, आणि कच्चे सांडपाणी असेल तर ती मुरडलीच पाहिजेत. आज शहराखालच्या नाल्यावर मोटारी लावून जे चालते ते भाजीपाल्याला घातक, पाणी लावणाऱ्या माणसाच्या पायालाही घातक. मी बोलतो आहे ते प्रक्रिया केलेल्या पाण्याबद्दल. कपाशी हे त्यासाठी सोयीचे पीक आहे, कारण आपण ती खात नाही. चाऱ्याची ज्वारीही चालेल. पालक, मेथी, कोथिंबीर नको. आपल्या काळ्या जमिनीचाही एक स्वभाव आहे. सोडियम जास्त असलेले पाणी वारंवार दिले तर ती चिकट होते, निचरा बसतो, आणि पाच वर्षांनी रान चोपण होऊन हाती येते. म्हणून पाण्याच्या क्षारांची आणि सोडियमची तपासणी नियमित झाली पाहिजे आणि तिचा अहवाल शेतकऱ्याच्या हातात पडला पाहिजे. प्रक्रिया केंद्र कुठे बांधायचे, पाणी कुठे सोडायचे, कुणाला कोणत्या दराने द्यायचे, हे पालिकेच्या सभेत ठरते. एकदा केंद्र चुकीच्या उतारावर बांधले की पुढची तीस वर्षे ते पाणी आपल्या शेताला चढवायला मोटार लागणार. म्हणून निविदा निघण्याआधी आपण तिथे असलो पाहिजे.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. डेपोची जागा ठरते तेव्हा ती शहराच्या मधोमध कधीच नसते. कुठल्या तरी गावाच्या शिवारालगतचे गायरान किंवा पडीक सापडते आणि तिथे ट्रॅक्टर रिकामे होऊ लागतात. वाऱ्याने उडालेल्या कॅरीबॅगा कपाशीच्या झाडांना लटकतात आणि वेचणीला कापसात येतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. ओल्यापासून खत करायचे असते, राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ नावाने त्याचा ब्रँडही काढला. आपल्या जमिनींना सेंद्रिय कर्ब हवाच आहे, घरचे शेणखत बैल कमी झाले तसे आटले. पण काच, प्लॅस्टिक आणि जड धातू मिसळलेला गाळ कुणी खत म्हणून आपल्या माथी मारू लागला तर घेऊ नका. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किमान १२ टक्के सेंद्रिय कर्ब लागतो आणि शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. विकत घेताना तपासणीचा कागद मागा, तो तुमचा हक्क आहे.

हद्दवाढीवर आपल्यातच दोन मते आहेत, तेव्हा ती दोन्ही सांगतो. ज्याचे शेत शहराला चिकटून आहे त्याला हद्दवाढ गोड लागते, कारण एकराचा भाव गुंठ्यावर येतो. त्याला मी दोष देत नाही. चाळीस वर्षे कपाशीने जे दिले नाही ते एका बिनशेती आदेशाने मिळत असेल तर तो का नाही म्हणेल? पण त्याच गावातला दोन एकरवाला आणि भूमिहीन काय गमावतो तेही पाहा. ग्रामपंचायत जाते, तिच्यासोबत ग्रामसभा जाते. ग्रामीण रोजगार हमीचा हक्क जातो. घरपट्टी शहराची लागते आणि गटार मात्र दहा वर्षांनी येते. विकास आराखड्यात शेतावर बगीच्याचे किंवा रस्त्याचे आरक्षण पडले तर ना विकता येते ना बांधता येते. ज्यांच्यावर असे आरक्षण पडून आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने कायदेशीर पाऊल उचलले नाही तर आरक्षण रद्द होते. ही नोटीस आपोआप जात नाही, आपण द्यावी लागते.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण, आणि नंदुरबार व शहादा तालुक्यांतील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी तिथल्या ग्रामसभेला जमीन, पाणी आणि गावचा बाजार यांबाबत अधिकार दिले. पण हे सर्व ग्रामसभेला. गाव नगरपंचायत झाले, किंवा पालिकेच्या हद्दीत गेले, की ग्रामसभाच उरत नाही. राज्यघटनेच्या कलम २४३ झेडसीप्रमाणे नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, संसदेने खास कायदा करून तो लागू करायचा आहे. तसे विधेयक २००१ साली संसदेत आले. त्याचा कायदा झालेला नाही. तळोदा आणि नवापूरला पालिका आहेत, धडगावला नगरपंचायत आहे, तिथे राज्याच्या १९६५ च्या अधिनियमाने कारभार चालतो. पेसासारखे संरक्षण शहराच्या आदिवासीला अजून मिळालेले नाही. म्हणून अनुसूचित क्षेत्रातल्या गावावर हद्दवाढीचा ठराव आला तर तिथल्या ग्रामसभेने आधी बसून, आपण काय सोडतो आहोत ते वाचून, मग हो किंवा नाही म्हणावे. हद्द बदलण्यापूर्वी शासनाला उद्घोषणा काढून हरकती मागवाव्या लागतात. मुदत थोडी असते आणि जाहिरात लहान टायपात असते.

बाजाराच्या पावतीबद्दल काय सांगू? वसुलीचा ठेका लिलावाने जातो. दर ठरावात असतो, फलक मात्र बाजारात नसतो. एका बाजारात माझ्याकडून भाजीच्या दोन पाट्यांचे जे पैसे घेतले गेले त्याची पावती मागितली, तेव्हा ठेकेदाराचा माणूस माझ्याकडे असा पाहू लागला की मी त्याची किडनीच मागितली. ठेक्याच्या अटींत पावती आणि दरफलक असतात. नसतील तर त्या घालाव्यात अशी मागणी पुढच्या लिलावापूर्वी लेखी द्यावी.

आता नव्या सभागृहांबद्दल. गेली काही वर्षे या सभाच होत नव्हत्या. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या, मुदत संपलेल्या पालिकांवर प्रशासक बसले, आणि एकाच माणसाच्या सहीने ठराव होऊ लागले. सूचक तोच, अनुमोदक तोच. काही जण म्हणाले, बरे झाले, भांडणे संपली, कामे वेगाने होतात. कामे झाली असतील. पण ज्या ठरावावर कुणी प्रश्नच विचारला नाही तो बरोबर की चूक हे कळायचे कसे? ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला, २ डिसेंबर २०२५ ला बहुतेक नगरपालिकांचे आणि नगरपंचायतींचे मतदान झाले, काही ठिकाणी २० डिसेंबरला, आणि २१ डिसेंबरला मोजणी झाली. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला गेला. प्रशासकाच्या काळात झालेले करार, ठेके आणि पाण्याच्या मागण्या नव्या मंडळींच्या टेबलावर आहेत. त्यातले काय पुढे चालवायचे हे त्यांना ठरवायचे आहे. आपल्याला बोलायचे असेल तर उशीर करून चालणार नाही.

कायद्याने आपल्याला तिथे मत दिले नसले तरी डोळे आणि कान दिले आहेत. सर्वसाधारण सभेची नोटीस विषयपत्रिकेसह सात दिवस आधी निघते. सभेला नागरिकाला बसता येते. तिथे तुम्ही बोलू शकत नाही, पण मागे दहा पागोटी बसली असली की पुढची माणसे ठराव जरा सावकाश वाचतात, हे मी पाहिले आहे. ठरावाची नक्कल माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. एखादा ठराव बेकायदा किंवा लोकांना अपाय करणारा वाटला तर अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यासाठी मोर्चाआधी मुद्देसूद अर्ज लागतो, त्यात ठराव क्रमांक, तारीख, आणि नुकसान कुणाचे व कसे हे लिहिलेले हवे.

आणि एक दार असे आहे की ज्याची आपण कडीही वाजवलेली नाही. घटनेच्या कलम २४३ झेडडीप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असते. तिचे पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि पालिका यांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे, ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. पंचायती आणि नगरपालिका यांच्यातली पाण्याची आणि नैसर्गिक साधनांची वाटणी तिने विचारात घ्यावी, असे घटनेत शब्दशः लिहिले आहे. प्रत्यक्षात त्या समितीच्या बैठकीत काय होते? कुणाच्या रस्त्याला किती आणि कुणाच्या समाजमंदिराला किती. शहराचे सांडपाणी कुणाच्या शेताला, राखीव पाण्यातली गळती कमी केली तर वाचलेले कुणाला, हा विषय तिथल्या विषयपत्रिकेवर मांडायचा आहे, आणि तो मांडायला आपल्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य लागतो. तुमच्या सदस्याला या कलमाचे नाव माहीत आहे का, ते या आठवड्यात विचारून पाहा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर आणि धडगाव या पाचही ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या सभागृहाच्या मागील तीन सभांची इतिवृत्ते घेऊन यावे. पाणी, सांडपाणी, कचरा, हद्द आणि बाजार या विषयांवरच्या ठरावांखाली लाल पेन्सिलीने रेघ मारून आणावी. नंदुरबारच्या मंडळींनी १५ ऑक्टोबरच्या आधी पालिकेने पाण्याची किती मागणी केली त्या पत्राची नक्कल मिळवावी. शेतकी शाळेत शिकलेल्या पोरापोरींनी नाल्याच्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून, त्यावर ठिकाण आणि तारीख लिहून आणावा. तपासणीला पाठवायची व्यवस्था मी करतो.